‘लोकरीसाठी मेंढीला मारत नाहीत’ : ऑस्ट्रेलियातल्या लोकरीचा मागोवा

करडई :

मी व्हीगन झाले त्याला नऊ वर्षं झाली. दूध-तूप सोडलं तेव्हा आई पंधरा दिवस नीट बोलली नाही. लोकर सोडली तेव्हा सगळे चकितच झाले. "अगं, लोकरीसाठी मेंढीला कुठे मारतात? आपण केस कापतो तसंच ते." हे मी माहेरी ऐकलं, सासरी ऐकलं, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतही ऐकलं. एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

गेली सहा वर्षं मी जीलाँगला राहते. मेलबर्नपासून तासाभरावरचं हे बंदर लोकरीवर वाढलं. समुद्राजवळ १८७२ सालचं एक प्रचंड लोकर-गोदाम आहे, आता त्यात लोकरीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. गोदामाचा दगड काळा बेसाल्ट, थेट आपल्या सह्याद्रीतल्यासारखा. पहिल्यांदा त्या भिंतीला हात लावला तेव्हा घरची आठवण आली होती. इथून पश्चिमेला शेकडो किलोमीटर याच ज्वालामुखीच्या दगडावरची गवताळ मैदानं आहेत, आणि माझी गोष्ट त्या गवताचीच आहे.

१७८८ साली इंग्रजांनी सिडनीला कैद्यांची वसाहत बसवली. पहिल्या ताफ्याबरोबर केप ऑफ गुड होपहून घेतलेल्या थोड्या मेंढ्या होत्या, त्या खाण्यासाठी. पुढे जॉन मॅकार्थर या लष्करी अधिकाऱ्याने बंगालहून आलेल्या साठेक मेंढ्या विकत घेऊन त्यांचा आयर्लंडच्या मेंढ्यांशी संकर केला. पिल्लांच्या अंगावर केस आणि लोकर यांची सरमिसळ आली, आणि तिथून त्याच्या डोक्यात लोकर शिरली. म्हणजे या कहाणीच्या पहिल्याच पानावर आपल्या उपखंडातल्या मेंढ्या आहेत.

१७९७ मध्ये हेन्री वॉटरहाउस आणि विल्यम केंट या जहाजाच्या कप्तानांनी केपहून मरिनो, म्हणजे मऊ, बारीक लोकरीच्या मेंढ्या, आणल्या. मरिनो मूळची स्पेनची, आणि स्पेन तिला डोळ्यांत तेल घालून जपायचा. हॉलंडच्या राजघराण्याला भेट मिळालेल्या कळपातल्या काही मेंढ्या केपच्या डच सेनापतीकडे, कर्नल गॉर्डनकडे आल्या होत्या. तो वारल्यावर त्या विकल्या गेल्या आणि सिडनीला पोचल्या. मॅकार्थरने १८०१ साली द्वंद्वयुद्धात आपल्याच वरिष्ठाला गोळी घातली. चौकशीसाठी त्याला इंग्लंडला धाडलं, तर तिथून तो राजाच्या कळपातल्या मेंढ्या आणि ५,००० एकरांचं वचन घेऊन परतला. पुढे तो पुन्हा इंग्लंडला अडकला, तेव्हा १८०९ ते १८१७ हा कळप त्याची बायको एलिझाबेथ हिने सांभाळला. १९६६ सालच्या दोन डॉलरच्या नोटेवर मात्र मेंढ्याशेजारी छापलं गेलं ते नवऱ्याचं चित्र.

यॉर्कशरच्या गिरण्यांना लोकर हवी होती आणि नेपोलियनच्या लढायांनी स्पेनची वाट बेभरवशाची केली होती. लोकर सहा महिने जहाजात राहिली तरी सडत नाही आणि वजनाच्या मानाने मोल जास्त. दूरच्या वसाहतीला याहून सोयीचा माल कुठला? वसाहतीची पाहणी करायला आलेल्या जॉन बिग या आयुक्ताने १८२२ च्या अहवालात सरळ सुचवलं, की बड्या जमीनदारांना जमिनी द्या, कैदी मजूर म्हणून द्या आणि लोकर पिकवा. तसंच झालं. सक्तमजुरीचे कैदी एकेकटे, मैलोन् मैल माणूस नाही अशा जागी, मेंढ्यांमागे हिंडू लागले.

आता गवताबद्दल. १८२९ साली सरकारने वसाहतीची हद्द आखली, एकोणीस परगणे. कळप हद्दीबाहेर गेलेच. १८३६ मध्ये सरकारने वर्षाला दहा पौंड घेऊन तेही कायदेशीर केलं. दहा पौंडांत हवं तेवढं रान! त्याआधी एकच वर्ष, १८३५ मध्ये, टास्मानियातलं कुरण अपुरं पडू लागलेल्या मेंढीमालकांच्या वतीने जॉन बॅटमन आता जिथे मेलबर्न आहे तिथे उतरला आणि तिथल्या वडीलधाऱ्यांशी ‘करार’ केला. सुमारे सहा लाख एकर जमीन, बदल्यात ब्लँकेटं, कुऱ्हाडी, सुऱ्या, आरसे, पीठ. गव्हर्नर बर्कने करार रद्द केला खरा, पण त्याचं कारण असं, की जमीन इंग्लंडच्या राजाची आहे, या लोकांना ती विकायचा हक्कच नाही. मेंढ्या थांबल्या नाहीत. १८५१ पर्यंत एकट्या व्हिक्टोरियात साठ लाख मेंढ्या होत्या.

साठ लाख तोंडं खात काय होती? या मैदानांवर मुरनाँग नावाचं कंदमूळ होतं. पिवळ्या फुलाची लहानशी वनस्पती, खाली गोडसर कंद. बायका काठीने उकरून कंद काढायच्या, त्या उकरण्यानेच माती भुसभुशीत राहायची आणि पुढच्या साली आणखी कंद यायचे. हे त्यांचं रोजचं जेवण होतं. मेंढ्यांनी आधी पाला खाल्ला, मग नाकाने माती उकरून कंद खायला त्या शिकल्या. एडवर्ड कर हा स्वतः मेंढ्यांचा मालक, त्यानेच लिहून ठेवलंय की पहिलं वर्षभर त्याच्या मेंढ्या मुख्यतः या कंदांवरच जगल्या आणि त्यानंतर कंद हळूहळू दुर्मिळ होऊ लागले. या भूमीवर खुराचा प्राणी नव्हता. कठीण खुरांनी माती दगडासारखी झाली. उपाशी माणसांनी मेंढी मारली की ती चोरी, आणि चोरीला शिक्षा बंदुकीची.

एक जागा मला झोपेतही आठवते. टास्मानियाचं वायव्य टोक, केप ग्रिम, मूळ नाव केन्नाउक. इथे व्हॅन डीमेन्स लँड कंपनी होती. १८२५ ची राजसनद, भागधारक लंडनचे, धंदा इंग्लंडच्या गिरण्यांना लोकर पुरवण्याचा. १८२७ च्या अखेरीला कंपनीच्या मेंढपाळांनी तिथल्या बायकांना झोपडीत ओढायचा प्रयत्न केला, झटापट झाली, माणसं जखमी झाली, मेली. ३१ डिसेंबरला मूलनिवासींनी कंपनीच्या ११८ मेंढ्या मारल्या, कित्येक कड्यावरून खाली लोटल्या. सहा आठवड्यांनी, १० फेब्रुवारी १८२८ ला, चार मेंढपाळांनी त्याच किनाऱ्यावर अन्न गोळा करायला आलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या. सुमारे ३० माणसं गेली. कुणाला शिक्षा झाली नाही.

"लोकरीसाठी कुणी मरत नाही" म्हणतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हा कडा येतो.

आणि मेंढी? १८४० च्या दशकात मंदी आली, मेंढीला काही पेन्सही कुणी देईना. १८४३ मध्ये यॅसच्या हेन्री ओब्रायनने उपाय काढला. मेंढ्या मारून मोठ्या कढयांत उकळायच्या आणि चरबी साबण-मेणबत्तीसाठी इंग्लंडला पाठवायची. चरबीचे मेंढीमागे पाच-सहा शिलिंग येऊ लागले आणि वसाहतीभर कढया पेटल्या. लोकरीचा भाव पडला की मेंढी जिवंत ठेवणं परवडत नाही, हे तेव्हाच ठरलं. १९९१ मध्ये सरकारी पाठबळाची हमीभाव योजना कोसळली. गोदामांत ४७ लाख गाठी पडून होत्या, आणि लाखो मेंढ्यांना गोळ्या घालून खड्ड्यांत पुरलं गेलं.

आता मेंढीचं शरीर बघा. १८८० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँटहून सुरकुत्यांचे मेंढे आणले. कातडी जास्त तर लोकर जास्त, असा हिशेब. त्या सुरकुत्यांत शेपटीपाशी ओल साचते, शेण-मूत अडकतं, माशी अंडी घालते आणि अळ्या जिवंत मेंढीचं मांस खातात. यावर जॉन म्यूल्स नावाच्या माणसाने विसाव्या शतकात इलाज शोधला, कोकराच्या ढुंगणाभोवतीची कातडी कात्रीने कापून काढायची. जखम भरली की तिथे लोकर येत नाही. दशकानुदशकं हे भूल न देता चाललं. आता पुष्कळ ठिकाणी वेदनाशामक लावतात. २०१० पर्यंत हे बंद करू असं या धंद्याने २००४ मध्ये सांगितलं होतं आणि २००९ मध्ये शब्द मागे घेतला. न्यूझीलंडने २०१८ पासून बंदी घातली, ऑस्ट्रेलियाने अजून नाही.

आधी माणसाने तिच्या अंगावर सुरकुत्या वाढवल्या, मग त्याच कापल्या. यात ‘केस कापण्यासारखं’ काय आहे, ते मला कुणीतरी सांगावं.

दगडफूल :

वाचून सुन्न झालो. मुरनाँगबद्दल काहीच माहीत नव्हतं. एक प्रामाणिक शंका: मेंढी कातरली नाही तर तिलाच त्रास होतो ना? मग कातरणं ही दयाच नाही का?

करडई :

होतो. २०१५ मध्ये कॅनबेराजवळ एक चुकलेला मरिनो मेंढा सापडला, पुढे त्याचं नाव ख्रिस ठेवलं. वर्षानुवर्षं न कातरलेली लोकर ४१ किलोंहून जास्त निघाली, त्याला धड चालताही येत नव्हतं. पण रानमेंढी आपली लोकर दरवर्षी स्वतःच झाडते. न झडणारी लोकर आपण निवडून निवडून तयार केली. आज जी मेंढी जिवंत आहे तिला कातरलीच पाहिजे, आश्रयस्थानांत आम्हीही कातरतो. प्रश्न पुढच्या मेंढीचा आहे, जी लोकरीसाठीच जन्माला घातली जाणार आहे.

उत्तरा :

करडई, मेहनत दिसते आहे. पण एक गोष्ट खटकली आणि ती स्पष्ट सांगते. केप ग्रिमच्या परिच्छेदात ११८ मेंढ्या आणि ३० माणसं एका ओळीत आली आहेत. वसाहतवाल्यांनी या माणसांना जनावरांच्याच पंक्तीत बसवलं होतं. त्यांच्या मरणाचा दाखला प्राण्यांच्या हक्कासाठी देताना आपण नकळत तेच करत नाही ना? मूलनिवासी लोक स्वतः कांगारू, पोसम, मासे, ईल (सापासारखा लांब मासा) खात आले. गुंडितजमारा लोकांनी बज बिम इथे दगडी पाट-बांध घालून ईल पाळले, त्यांतला सर्वांत जुना भाग ६,६०० वर्षांचा आहे आणि २०१९ मध्ये ते जागतिक वारसास्थळ झालं. त्यांच्या इतिहासावर व्हीगन झेंडा लावणं मला अन्यायाचं वाटतं.

आणखी एक. या हिंसेला फक्त ‘मेंढपाळांची’ म्हणू नका. १८१६ मध्ये अपिनला, मॅकार्थरच्या जमिनीपासून फार लांब नाही, गव्हर्नर मॅक्वारीच्या हुकमाने सैनिक गेले आणि किमान १४ माणसं मेली, काही कड्यावरून पडून. १८२४ मध्ये बाथर्स्ट भागात विराजुरी लोकांविरुद्ध गव्हर्नर ब्रिस्बेनने लष्करी कायदा लावला. सरकारच कळपांच्या पुढे चालत होतं.

करडई :

उत्तराताई, हे तुम्ही बोललात ते बरं झालं. ती ओळ मी पुन्हा वाचली. माणसं आणि मेंढ्या सारख्या, असं मला म्हणायचं नाही, आणि तसं वाचलं जात असेल तर लिहिण्यात माझी चूक आहे. त्या ३० जणांची आयुष्यं माझ्या पुराव्याची सामग्री नाहीत. त्यांचे वंशज आज टास्मानियात आहेत आणि ती गोष्ट सांगायचा पहिला हक्क त्यांचा.

ईलबद्दलही तुमचं बरोबर. मूलनिवासी व्हीगन होते असं मी कधीच म्हणणार नाही. मला दिसतं ते एवढंच, की लंडनच्या हिशेबवहीत मेंढी म्हणजे गवताचं पैशात रूपांतर करणारं यंत्र होतं, आणि गवतावर आधीपासून राहणारे लोक हा त्या यंत्राचा अडथळा. दोघांचं दुःख वेगळं, वही एकच. ती वही लिहिणारा हात बघितला पाहिजे, म्हणून दोघांबद्दल लिहिलं.

भटका :

त्या वहीत टास्मानियाचा पट्टेरी ‘वाघ’, थायलसीन, पण घाला. मेंढ्या खातो म्हणून व्हॅन डीमेन्स लँड कंपनीने १८३० पासून त्याच्यावर बक्षीस लावलं. सरकारने १८८८ ते १९०९ मोठ्या जनावरामागे एक पौंड दिला, २,१८४ बक्षिसं नोंदली आहेत. शेवटचा थायलसीन ७ सप्टेंबर १९३६ ला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याला कायद्याचं संरक्षण मिळून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

ठाणेकर७१ :

माझे वडील ठाण्याच्या लोकरगिरणीत होते. लहानपणी कधी डबा द्यायला गेलो की गाठी दिसायच्या, वर ऑस्ट्रेलियाचे छाप. बाबा लोकरीचा पुंजका बोटांत धरून दाखवायचे, "बघ, मरिनो. हाताला टोचते का?" टोचायची नाही. आमचं घर त्या गाठींवर चाललं, माझं शिक्षण झालं. त्यामुळे हा धागा वाचताना सोपं गेलं नाही, पण शेवटपर्यंत वाचला.

थोडी भर घालतो. त्या लोकरीची पोती पिढ्यानपिढ्या तागाची असत, आणि ताग बंगालचा. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातून लोकर रेल्वेपर्यंत आणायचे उंटांचे तांडे. उंटवाल्यांना तिथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुचिस्तान, सिंध, पंजाबचे पुष्कळ होते. आणि १८३७ मध्ये कैदी मजूर मिळणं आटणार असं दिसू लागल्यावर जॉन मॅके नावाच्या माणसाने कलकत्त्याहून चाळीसेक करारबद्ध मजूर न्यू साउथ वेल्सला नेले. मॉरिशसला ऊस, आसामला चहा आणि तिथे मेंढ्या. बाबा असते तर त्यांना हे सांगायला आवडलं असतं.

लाल_मिरची :

कातरणाऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. १८९१ चा क्वीन्सलँडचा संप आठवा. बार्कलडिनच्या छावण्या, हजारो कातरणारे, पुढाऱ्यांना तीन वर्षं तुरुंगवास. तिथल्या मजूर पक्षाच्या जन्माशी या संपाचं नातं आहे. (त्याच संघटनेने चिनी कामगारांना दार बंद ठेवलं, हेही लिहून ठेवतो.)

मजुरी नगावर होती, दर शंभर मेंढ्यांमागे. १८९२ मध्ये जॅकी हाउने हातकात्रीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. मेंढीमागे दीड मिनिटही नाही! शौर्य म्हणून सांगतात. माझ्या मनात येतं, त्या वेगात मेंढीला किती कापलं असेल आणि हाउच्या कमरेचं काय झालं असेल. नगावरची मजुरी दोघांचीही कातडी सोलते.

माणदेशी :

मी धनगर. आजा वाघर (मेंढरांभोवतीचं जाळं) लावून रात्रभर मेंढरांत झोपायचा. तुमचा लेख चांगला आहे, पण वाचताना भीती वाटत होती की शेवटी बोट आमच्याकडे वळतंय. शहरातली माणसं प्राण्यांवर दया करायला लागली की पहिला हिशेब गरिबाकडं मागतात, हा आमचा अनुभव आहे.

आमची दख्खनी मेंढी काळी, राठ लोकरीची. वर्षातनं दोनदा कातरायची. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ, त्याची घोंगडी सगळ्यात मऊ. सनगर विणायचे, चिंचोक्याची खळ द्यायचे, ती घोंगडी पावसात छत्री आणि रात्री अंथरूण. बिरोबाच्या जत्रेत तीच खांद्यावर. शेतकरी शेतात मेंढरं बसवायला बोलवायचा, लेंडीखताचे पैसे-धान्य द्यायचा. कुणाचं रान हिसकावलं नाही. उलट आमचीच चराऊ रानं कुरणबंदीत आणि कारखान्याच्या उसात गेली.

आता लोकरीला कोण विचारत नाही. कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशात निघत नाही. चुलत्याच्या वाड्यामागं पोती पडून आहेत, काही पावसात कुजली. बरेच जण माडग्याळी मेंढ्या ठेवाय लागलेत, वजन जास्त, लोकर कमी. म्हणजे लोकर संपली आणि मेंढरू सगळं खाटकाकडं चाललंय. तुमच्या हिशेबात हे कुठं बसतं, ताई?

करडई :

दादा, तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. गुळमुळीत उत्तर देणार नाही.

लोकर सोडा, असं मी तुमच्या चुलत्यांना सांगायला येणार नाही. मला तो अधिकार नाही आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही. वाघरीत मेंढरांबरोबर झोपलेला माणूस आणि कधी मेंढी न पाहिलेला लंडनचा भागधारक यांना मी एका नावाने हाक मारणार नाही. तुमच्या आजोबांना प्रत्येक मेंढी ओळखू येत असणार. केप ग्रिमच्या कंपनीला फक्त आकडा ओळखता येत होता.

पण लपवतही नाही. मेंढी खाटकाकडे जाते तेव्हा ती कुणाच्या वाड्यातून गेली याने तिला फरक पडत नाही, असं मी मानते. तुम्हीच लिहिलंत की लोकरीची किंमत संपली तेव्हा मांस उरलं. १८४३ मध्ये इथे हेच झालं होतं. इथेही लोकर उतरली की मेंढी कत्तलखान्यात जाते, आणि इतकी वर्षं लाखो मेंढ्या जहाजांत भरून आखाती देशांत पाठवल्या गेल्या. २००३ मध्ये सौदी अरेबियाने ५७,००० मेंढ्यांचं जहाज परत पाठवलं, ते आठवडेच्या आठवडे समुद्रावर फिरत राहिलं, पाच हजारांवर मेंढ्या मेल्या. समुद्रमार्गे जिवंत मेंढ्या पाठवणं १ मे २०२८ पासून बंद करण्याचा कायदा २०२४ मध्ये झाला आहे.

तुमच्या भागात चराईचा प्रश्न सुटल्याशिवाय मेंढीचाही सुटणार नाही, हे मला तुमच्या उत्तरातून नव्याने कळलं. मूळ लेखात ते नव्हतं.

माणदेशी :

सरळ बोललात, बरं वाटलं. पटलं नाही सगळं. आजा मेंढरू विकून आला की त्या दिवशी जेवायचा नाही, एवढं सांगतो.

निशिगंध :

मग घालायचं काय? लोकर नको म्हणून ॲक्रिलिकचा स्वेटर घ्यायचा तर तो पेट्रोलियमचा, प्रत्येक धुण्यात त्याचे बारीक तंतू नदीत. हा प्रश्न टाळू नका.

करडई :

टाळत नाही. ॲक्रिलिक हे उत्तर नाही. माझ्याकडे एक जुना वापरलेला कोट आहे, सुती कपड्यांचे थर आहेत, आणि आजीच्या साड्यांची गोधडी आहे, ती इथल्या जुलैच्या थंडीत पुरते. हिमाचलात किंवा लडाखमध्ये राहणाऱ्या माणसाला मी हे ऐकवणार नाही. पण या धाग्यावर आपण बहुतेक जण थंडीसाठी नाही, सुटासाठी लोकर विकत घेतो. पुणे-मुंबईच्या लग्नात, मे महिन्यात.

दगडफूल :

जाता जाता: मुरनाँग आता कुठे दिसतं का, की तेही थायलसीनच्या वाटेने गेलं?

करडई :

आहे! रेल्वेच्या कडेला, जुन्या दफनभूमीत, म्हणजे जिथे मेंढ्यांना कुंपणाआड ठेवलं गेलं तिथे तगून राहिलं. आता मूलनिवासी समूह आणि देशी झाडांच्या रोपवाटिका ते पुन्हा लावताहेत. मी दोन वर्षांपूर्वी एक रोप आणून कुंडीत लावलं. फुलायच्या आधी कळी मान खाली घालून असते, उमलताना वर होते. गेल्या ऑक्टोबरात सात फुलं आली. म्हाताऱ्या उडतात तसं बी उडतं, ते गोळा करून शेजारच्या आजींना दिलं. कंद अजून उकरून बघितला नाही.